साडूबुवांचे बोट आणि मंगळवारचे लोणी

सोलापूर शहरात लोण्यावर माझ्या थोरल्या साडूंइतके प्रेम करणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि लोण्याने इतकी फजिती केलेला माणूसही दुसरा झाला नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो. त्या काळी मी गावातल्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो, आणि ऐकलेली गोष्ट दोन ठिकाणी विचारून घेतल्याशिवाय लिहायची नाही अशी आमच्या संपादकांची सक्त ताकीद असे. साडूबुवांबद्दल मी निदान वीस ठिकाणी विचारले आहे. विसांपैकी एकानेही माझे म्हणणे खोडले नाही. उलट प्रत्येकाने आपल्या पदरचा एकेक किस्सा सांगितला आणि मला निघायला उशीर झाला.

साडूबुवा म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही दोघेही ताई म्हणत असू. साडूबुवा कापडगिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला हे मिनिटासकट टिपणे हे त्यांचे दिवसभराचे काम. पण घरी आले की खिशातले घड्याळ खुंटीवर जाई आणि पुढचा सगळा कारभार लोण्याच्या वेळेवर चाले. लोण्याचे आयुष्य त्यांनी चार दिवसांत वाटून दिले होते. पहिला दिवस भाकरीचा, दुसरा थालीपिठाचा, तिसरा नानकटाईचा. "आणि चौथ्या दिवशी त्याला अग्नी द्यावा," असे ते गंभीरपणे म्हणत. म्हणजे कढवून तूप करावे. पहिल्या दिवसाचे लोणी कुणी थालीपिठावर घातले तर त्यांच्या जिवाची अशी तगमग होई की पाहणाऱ्याला वाटावे, या गृहस्थांच्या घरी काही अशुभ घडले आहे. ज्वारीची कडक भाकरी, तिच्यावर शेंगांची चटणी, चटणीत बोटाने केलेला खळगा आणि त्या खळग्यात ताजे लोणी, ही त्यांच्या मते मनुष्याची सर्वांत उंच पायरी होती. त्यापुढे माणूस गेलेला नाही आणि जाणारही नाही, असे ते पैजेवर सांगत.

लोणी चाखण्याची त्यांची एक रीत होती. उजव्या हाताची करंगळी लोण्यात टेकवायची, जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि छताकडे तोंड करून उभे राहायचे. त्या वेळी घरातले सगळे आवाज बंद झाले पाहिजेत. एकदा ते आमच्याकडे जेवायला आले होते. माझ्या बायकोने वाढलेले लोणी त्यांनी चाखले, डोळे उघडले आणि अतिशय मऊ आवाजात तिला विचारले, "सकाळी घुसळताना रागावला होतात का?" ती रागावली होती हे खरे होते. मी त्या सकाळी रवीची दोरी चप्पल बांधायला नेली होती. "घाईघाईत घुसळलंय," साडूबुवा म्हणाले, "ताक पुरतं सुटलं नाही. माणूस रागावला की हात भरभर चालतो, आणि लोणी घाबरतं." तेव्हापासून आमच्या घरात भांडण करायचे झाले तर ते ताक घुसळून झाल्यावर करण्याचा प्रघात पडला.

चौथ्या दिवसाचा अग्निसंस्कार ते स्वतः करीत. त्या काळात पुरुषमाणूस स्वयंपाकघरात चुलीपुढे बसला तर शेजारपाजार खिडकीशी जमा होई. साडूबुवांच्या खिडकीशीही सुरुवातीला होई. पुढे पुढे लोक शिकायला येऊ लागले. पितळी पातेले, त्यात लोणी, मंद आच आणि शेवटी विड्याचे एक पान. लोणी कढताना आधी खळखळते, मग कुजबुजते आणि मग एकदम गप्प होते. त्या गप्प होण्याच्या क्षणाला पातेले उतरायचे. हा क्षण चुकू नये म्हणून घरात शिंकायलाही बंदी असे. ताई एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हाही हे इतके गप्प नव्हते. भटजींना मधेच विचारत होते, होमाला तूप कुठलं आणलंय म्हणून." तळाची बेरी साखर घालून खाण्याचा मान मात्र साडूबुवांनी कुणाला दिला नाही. त्या बाबतीत ते उघडउघड स्वार्थी होते आणि तसे कबूलही करीत.

एका पावसाळ्यात त्यांनी विलायती केकचा ध्यास घेतला. गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावर एक गोव्याचा खानसामा होता, त्याच्याकडून कृती मिळवली. कृतीत अंडी होती. ती घरात चालणारी नव्हती, तेव्हा अंड्यांच्या जागी लोणी दुप्पट करायचे असा निर्णय साडूबुवांनी एकट्याने घेतला. परसात मोठे पातेले मांडले, तळाला वाळू, वाळूवर डबा, झाकणावर निखारे. निखारे विझू नयेत म्हणून ते स्वतः हातपंखा घेऊन दीड तास उकिडवे बसले. डबा उघडला तेव्हा आत केक होता आणि केकभोवती लोण्याचे तळे होते. तळे ओतून टाकल्यावर जो पदार्थ उरला तो ताईंनी दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाल्या, "माझा पाटा झिजलाच होता." साडूबुवांनी पाट्याचा तुकडा मोडण्याचा प्रयत्न केला, तो मोडेना, तेव्हा त्याच्या कडेला जीभ लावून म्हणाले, "लोणी निर्दोष आहे. दोष गव्हाचा." लोण्याची बाजू घेण्याचा त्यांचा हा स्वभाव इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण आयुष्यात एकदाच त्यांनी लोण्याला दोषी ठरवले, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

त्यांचे लोणी मंगळवारच्या बाजारातून येई. मोहोळकडच्या एका खेड्यातून एक बाई डोक्यावर गाडगे घेऊन येत. उंच, काळ्यासावळ्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. गाडग्यात ताकावर तरंगणारे लोण्याचे गोळे, वर पळसाचे पान. बाजाराच्या तोंडाशी त्यांची जागा ठरलेली. बारा वर्षे साडूबुवांनी दुसऱ्या कुणाचे लोणी घेतले नाही. साडूबुवा येताना दिसले की बाई पान बाजूला सारीत आणि म्हणत, "घाला बोट. आन् डोळं मिटा लौकर, गिऱ्हाईक खोळंबलंय."

हे खरे होते. आमच्या गल्लीतल्या वीसेक घरांची माणसे टोपल्या घेऊन मागे उभी असत. साडूबुवांनी मान डोलावली की सगळे घेत. मान डोलावायला ते जितका वेळ लावीत तितकी बाईंची जीभ धारदार होई.

"काय झालं दादा, झोप लागली का?"

"थांबा हो बाई. जरा वेगळा वास आहे. सरकी कुठली घातलीत म्हशीला?"

"तुमच्या गिरणीच्या दारातली! आता म्हशीलाबी हजेरी लावायला बोलवा की."

लोक हसत, साडूबुवाही हसत आणि मान डोलावीत. बारा वर्षांत ती मान आडवी हलल्याचे कुणी पाहिले नव्हते.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गल्लीत दुसरे कुठलेही काम होत नसे. नवी पेठेच्या मागच्या बोळात एक पावभट्टी होती. तिथले चाचा दिवाळीत चार दिवस पाव बंद ठेवून घरोघरच्या नानकटाया भाजून देत. आपले पीठ, आपली साखर, आपले लोणी किंवा तूप घेऊन जायचे. तिथेच परातीत फेसायचे, गोळे पत्र्यावर मांडायचे आणि पत्रा चाचांच्या लांब फळीवर ठेवायचा. पन्नास घरांचे पत्रे एकाच भट्टीत शिरत, म्हणून प्रत्येक घराची नानकटाईवर खूण असे. कुणी बदामाचा काप लावी, कुणी चमच्याने फुली मारी. साडूबुवांची खूण म्हणजे ताईंच्या शिवताना बोटात घालायच्या टोपणाचा गोल ठसा आणि ठशाच्या मधोमध एक चारोळी. त्यांची नानकटाई दातांना न सांगता विरघळत असे. दरवर्षी तिची इतकी वाखाणणी होई की काही घरांना वाटू लागले, गुण लोण्यात नसून त्या टोपणाच्या ठशात असावा. त्या वर्षी निदान तीन घरांनी गुपचूप टोपणे आणि चारोळ्या आणल्या होत्या. साडूबुवांना याचा पत्ता नव्हता.

त्या दुपारी भट्टीवर मीही होतो. दिवाळी अंकासाठी चार ओळी लिहायच्या होत्या. धग, धूर, साखरेचा वास, शंभर बायकापुरुषांचा एकच कल्ला! परातीत तळहात गोल गोल फिरत होते, पोरे मांडलेल्या गोळ्यांवरच्या चारोळ्या पळवत होती. साडूबुवा धोतराचा काचा मारून लोणी फेसत होते. आधी त्यातले पाणी पिळून काढले, मग पिठीसाखरेबरोबर एकाच दिशेने फेसले. कुणी बोलले तर "हूं" एवढेच. लोणी सावरीसारखे हलके झाल्यावर त्याचा थेंब त्यांनी पाण्यात टाकला. तो तरंगला तेव्हा त्यांनी आजूबाजूला असे पाहिले की मला टाळी वाजवावीशी वाटली. पत्रा आत गेल्यावर ते दर मिनिटाला भट्टीच्या दाराशी वाकत.

"क्या साब," चाचा ओरडले, "घडी घडी दरवाजा खोले तो भट्टी थंडी होती ना! लोनी तुम्हारा, आग हमारी. आग पे तो भरोसा करो!"

पत्रा बाहेर आला. गोल ठसा, मधे चारोळी. साडूबुवांनी तो कुंची घातलेल्या तान्ह्या मुलासारखा घरी नेला. निवल्यावर पहिली नानकटाई तोंडात घातली, डोळे मिटले आणि चेहरा छताकडे केला. आम्ही वाट पाहत राहिलो. डोळे उघडले तेव्हा ते घाबरलेल्या माणसाचे डोळे होते.

"टाळ्याला मेण लागतंय," ते म्हणाले.

ताईंनी खाऊन पाहिली. "बरी आहे की."

"बरी! अगं, हे डब्यातलं तूप आहे. विलायती वनस्पती. लोणीवालीनं लोण्यात डबा मिसळलाय."

पत्र्याच्या डब्यातले वनस्पती तूप तेव्हा नुकतेच पेठेत दिसू लागले होते. साडूबुवा त्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडे जात. ते तूप आपल्या तोंडात गेले, तेही बारा वर्षांच्या विश्वासाच्या गाडग्यातून, हा घाव त्यांना सोसला नाही. ताई म्हणाल्या, "आधी विचारा तरी." पण लोणी निर्दोष असते यावरचा विश्वासच उडाल्यावर विचारायचे काय, असे त्यांना वाटले असावे.

नंतरच्या मंगळवारी ते बाजारात गेले. बाईंनी त्यांना पाहिले, पळसाचे पान सारले आणि म्हणाल्या, "या. दिवाळीचं बोट घाला."

साडूबुवांनी हात मागे बांधले. मागे वीस घरांच्या टोपल्या उभ्या होत्या. "बाई," ते म्हणाले, "गेल्या खेपेला तुम्ही डबा मिसळलात."

"कसला डबा?"

"वनस्पतीचा."

बाई हसल्या. थट्टा चालली आहे असे त्यांना वाटले. मग त्यांनी साडूबुवांचा चेहरा पाहिला आणि हसू थांबले. "दादा, माज्या दावणीची आन घेऊन सांगते. डबा मी डोळ्यानं बघितला न्हाय अजून."

"माझी जीभ खोटं बोलत नाही."

"आन् मी बोलते व्हय?"

साडूबुवांनी मान हलवली. आडवी. बारा वर्षांत प्रथमच. मागच्या टोपल्या एकेक करून निघून गेल्या. बाईंनी पान परत गाडग्यावर नीट बसवले, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि ऐन दिवाळीच्या बाजारातून भरले गाडगे घेऊन परत गेल्या. पुढच्या बाजारात कुणी त्यांच्या जागेकडे फिरकले नाही, अशी माझी दोन ठिकाणी विचारून घेतलेली माहिती आहे. लोणीवालीच्या लोण्यात भेसळ निघाली एवढे एका माणसाने म्हणणे पुरेसे होते, कारण तो माणूस साडूबुवा होता.

पाडव्याच्या सकाळी साडूबुवांच्या घरी त्यांच्या माडीवर राहणाऱ्या विणकर बाई फराळाचे ताट घेऊन आल्या. मुळातले तेलुगू घर, पण बाईंचे मराठी सोलापुरी ठसक्याचे. मी तिथेच चहा घेत होतो. "अण्णा, खाऊन बघा की!" त्या आनंदाने फुलल्या होत्या. "ह्या वर्षी नुसतं हात लावलं की फुटतंय! तुमच्यावाणीच! तुमचं ते टोपणाचं खूण केलं, बघा. आमच्याकडं लोणी कुठलं, डब्यातलंच तूप घातलं. सगळं गुण त्या ठशात हाय, मी म्हणलं नव्हतं का!"

साडूबुवांनी नानकटाई घेतली. गोल ठसा, मधे चारोळी. तोंडात घातली. ती दातांना न सांगता विरघळली. या खेपेला डोळे मिटले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहत होतो आणि त्यांचा रंग उतरत गेलेला मला स्पष्ट दिसला. भट्टीतून त्यांचा पत्रा माडीवर गेला होता आणि माडीवरचा त्यांच्याकडे आला होता. त्यांची कीर्तीच त्यांच्या मुळावर आली होती. विणकर बाईंना त्यांनी एवढेच सांगितले, "फार सुरेख झाल्यात." त्या माडीवर गेल्या. मग ताईंनी विचारले, "आता?"

सुट्टी संपून छापखाना उघडला त्या दिवशी ते माझ्या टेबलापुढे उभे. "दुरुस्ती छापा."

"कशाची?"

"लोण्यात भेसळ नव्हती याची."

"अहो साडूबुवा, भेसळ होती असं आम्ही कुठं छापलंय? न छापलेल्याची दुरुस्ती कशी छापणार?"

ते म्हणाले, "म्हणजे जिथं बोललो तिथंच जाऊन बोलायला हवं." आणि ते गेले. वीसही घरी गेले. प्रत्येक दारात टोपी काढून एकच वाक्य म्हणाले: "लोणी चोख होतं, मी चुकलो." बसा म्हटले तरी बसले नाहीत. अकराव्या घरी एक म्हातारे ऐकायला कमी होते, तिथे त्यांना हे वाक्य चार वेळा, शेवटी रस्त्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणावे लागले. त्यांनी ते म्हटले.

पुढच्या मंगळवारी बाईंच्या गाडग्यापुढे पुन्हा वीस टोपल्या होत्या. सगळ्यांत पुढे साडूबुवा. टोपी हातात. त्यांनी घडले ते सगळे सांगितले, ठशापासून पत्र्यापर्यंत. बाईंनी ऐकून घेतले.

"झालं सांगून?"

"हो."

"मग सरका बाजूला. तुमाला न्हाय मिळायचं. तुमच्या बायकूला दीन. तुमचं बोट माज्या गाडग्यात न्हाय."

साडूबुवांनी तो निकाल मान्य केला. त्यानंतर दर मंगळवारी ताई लोणी घ्यायला जात आणि साडूबुवा समोरच्या भांड्यांच्या दुकानाच्या पायरीशी, छत्री धरून, वीस पावले दूर उभे राहत. गिऱ्हाइके आता आपापली बोटे घालून पाहत. असे तीन वर्षे चालले. घरी आलेले लोणी खाण्याला बंदी नव्हती, पण ते भाकरीवर घेताना त्यांनी पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत. कुणी विचारले, "कसं काय आहे?" तर म्हणत, "आहे."

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ताईंना ताप येत होता, म्हणून साडूबुवांबरोबर मी गेलो. पावसाने दोन वर्षे ओढ दिली होती. बाई थकल्या होत्या, गाडगेही लहान झाले होते. मी लोणी मागितले. त्यांनी माझ्या खांद्यावरून पायरीकडे पाहिले.

"बायकू कुटं हाय त्यांची?"

मी सांगितले. बाईंनी हात वर करून हाक मारली, "ओ दादा! हिकडं या की!"

साडूबुवा आले. छत्री मिटायची विसरले. बाईंनी पळसाचे पान सारले. त्यांनी करंगळी टेकवली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि चेहरा वर केला. बाजार चालूच होता.

"बोला की," बाई म्हणाल्या.

"मी नाही बोलणार," साडूबुवा म्हणाले. "तुम्हीच सांगा."

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग स्वतःचे बोट लावून चाखले, नुसते, डोळे उघडे ठेवून. "सरकी मिळंना," त्या म्हणाल्या. "नुसत्या कडब्यावर हाय म्हस. लोणी मऊ पडलंय आन् चवीला जरा उणं हाय. पैलंवानी न्हाय. तरी घ्या, चोख हाय."

साडूबुवांनी मान डोलावली. बाईंनी गोळा पानात बांधून त्यांच्या हातावर ठेवला, माझ्या नाही.

परतताना ऊन वाढत होते. ते भरभर चालत होते, गोळा विरघळू नये म्हणून त्यांनी छत्री डोक्यावरून काढून त्या पानावर धरली होती. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले.

"उणं आहे म्हणाली ना ती?"

"हो."

"मला ते कळलं नव्हतं," साडूबुवा म्हणाले. "मला वाटलं, इतकं गोड लोणी मी कधी खाल्लंच नाही."